गफूरभाईंचा आपोआप गिअर

गफूरभाईंनी आमच्या घरून नेलेली वस्तू पुन्हा कधी स्वयंपाकाच्या धड कामाला आली नाही. परात मागायला आले तेव्हा मी विचारलं, "कशाला?" तर म्हणाले, "जरा गिअर भिजत घालायचेत, वैनी." मटकी भिजत घालायची असावी इतक्या सहज बोलले. पुढं कितीतरी दिवस आमच्या भाकरीला रॉकेलचा वास येत होता.

उदगीरला त्यांचं घर आमच्या शेजारी, आणि दोन्ही घरांची वाट अडवून त्यांचा जुना ट्रक. लातूर जिल्हा तेव्हा नुकताच वेगळा झाला होता. मागच्या फळीवरचं 'जि. उस्मानाबाद' खोडून गफूरभाईंनी स्वतःच्या हातानं 'जि. लातूर' रंगवलं. त्यातला 'तू' एवढा ऐसपैस झाला की 'र' दिव्याच्या काचेवर गेला. जिल्हा नवा झाला, पण पाऊस काही आला नाही. तळं आटलं, आड आटले. मग ट्रकवर लोखंडी टाकी चढली आणि आमची गल्ली त्या टाकीच्या भरवशावर जगू लागली.

त्यांचा एक लाडका शब्द होता, आपोआप. ताप आपोआप उतरतो, पोरींची लग्नं आपोआप जमतात, सरकारही आपोआप पडतं. त्यांच्या बायको जुबेदाभाभी म्हणायच्या, "ह्यांच्या घरात समदं आपोआप होतंय. निस्ती चूल मला पेटवावी लागती."

ट्रक खरं तर दोघांचा. चालवायचे किसनदादा कांबळे. दुरुस्ती आणि बडबड गफूरभाईंकडं. किसनदादांसारखा हात सगळ्या अड्ड्यावर कुणाचा नव्हता. पण मधुमेहानं त्यांचा डावा पाय गुडघ्यापासून गेला, आणि डाव्या पायावाचून क्लच दाबायचा कसा? दादा घरात भिंतीकडं तोंड करून बसू लागले. बायकोशीसुद्धा बोलेनात. एक दिवस निरोप धाडला, माझा हिस्सा विकून टाक.

गफूरभाईंना तो निरोप फार लागला. दुसऱ्या दिवसापासून ते दादांना सायकलवर मागं बसवून आणायचे आणि लिंबाखालच्या बाजेवर 'देखरेखीला' बसवायचे. दादा बसायचे, बोलायचे मात्र नाहीत.

अशात बिदरच्या रस्त्यावरच्या ढाब्यावर कुणीतरी गफूरभाईंना सांगितलं, की परदेशी फौजी गाड्यांना क्लचच नसतो, गिअर आपोआप बदलतो. त्यांचाच शब्द, आणि तोही लोखंडात उतरलेला. नांदेडच्या भंगारबाजारातून त्यांनी तसला एक गिअरबॉक्स आणलाच. ट्रकचं पोट उघडलं, आमची परात भरली, आणि गल्लीचं पाणी बंद झालं.

घागरी घेऊन भांडायला गेलेल्या बायकांत मीच पुढं होते. ट्रकखालून गफूरभाईंचे फक्त पाय दिसत होते. त्या पायांशी मी मनसोक्त भांडले. खालून आवाज आला, "उद्या आपोआप येतंय पाणी, वैनी." बाजेवरून किसनदादा पहिल्यांदा बोलले, "लोकं तहानेनं मरायलेत अन् तू काय करायलास, गफूर?" तहसील कचेरीतूनही निरोप आला, की सोमवारी गाडी टँकर भरायच्या सरकारी विहिरीवर उभी राहिली नाही तर टँकरचं काम दुसऱ्याला देऊ.

रविवारी ट्रक जोडून झाला. किसनदादांना चौघांनी उचलून सीटवर बसवलं. दादांनी आधी शर्टाच्या टोकानं स्टिअरिंग पुसलं. मग इंजिन सुरू झालं आणि ट्रक खरोखर आपोआप निघाला, पण मागं. दांडा कुठंही सरकवा, तो मागंच जायचा. आमची गोवऱ्यांची उडवी आडवी करून तो थांबला. लोक पोट धरून हसले. मीही हसले.

दादा हसले नाहीत. खाली उतरले आणि म्हणाले, "गाडीलाबी कळालं, गफूर. आता मला फुडं जायचं न्हाई." कुबडी घेऊन एकटेच घराकडं निघाले. गफूरभाई त्यांच्या मागं चार पावलं गेले आणि परत फिरले. त्या दिवशी त्यांच्या तोंडून 'आपोआप' निघालं नाही. मुकाट्यानं त्यांनी जुना गिअरबॉक्स परत चढवायला घेतला.

सोमवारी सकाळी जुबेदाभाभी आमच्याकडं मुसळ शोधत आल्या. त्यांचं घरातून नाहीसं झालं होतं. मी घागर घेऊन तळ्यात खणलेल्या झऱ्यावर गेले, तर कोरड्या तळ्यात धुरळा उडवत ट्रक गोल गोल फिरत होता. स्टिअरिंगवर किसनदादा. मला वाटलं, जमलं की काय ह्यांचं. जवळ जाऊन पाहिलं, तर दादांच्या पायाशी गफूरभाई अंग मुडपून बसलेले. मुसळाचं एक टोक क्लचवर, दुसरं त्यांच्या दोन्ही मुठींत. दादा म्हणाले "दाब" की दाबायचं, "सोड" म्हणाले की सोडायचं.

"हळू सोड की. म्हैस पिळायलास का?" दादा खेकसत होते. कित्येक महिन्यांत त्यांचा एवढा आवाज कुणी ऐकला नव्हता. गफूरभाईंनी खालूनच मान वर केली. तोंड तेलानं काळं, त्यात फक्त दात दिसत होते. "बघा वैनी, आपोआप हाय का न्हाई?"

मला हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्या माणसाशी आपण घागरीसाठी किती भांडलो, असं वाटलं.

दुपारी टँकर गल्लीत आला. काम वाचलं होतं. मी म्हटलं, "गफूरभाई, एखादा ड्रायव्हर ठेवा की. असं मुडपून किती दिवस बसाल?" ते म्हणाले, "डायवर लई मिळतील, वैनी. पर किसन घरात बसला तर मी बोलू कुणासंगट?"

त्यांनी माझी घागर नळीखाली धरली, तेव्हा त्यांचे तळवे दिसले. दोन्ही हातांना टचटचीत फोड आले होते.

"अगंबाई, हे काय झालं हाताला?"

त्यांनी वर पाहिलं. सीटवर बसून किसनदादा विनाकारण हॉर्न वाजवत होते.

"हळू बोला, वैनी," गफूरभाई म्हणाले. "आपोआप आलेत."