तात्या वडनेरकर आणि मिटलेलं पुस्तक

तात्या वडनेरकर आमच्या घरात कधी नुसते आले नाहीत. त्यांना प्रवेश करावा लागे. रोज चारच्या सुमारास ओट्यावर काठीचा ठोका पडे, एक भारदस्त खाकरा ऐकू येई आणि मग तात्या दाराआड स्तब्ध. आतून माझ्या बायकोनं "तात्या अजून कसे आले नाहीत बाई!" म्हटलं, की धोतराचा सोगा झटकून "हे पाहा आलो!" करत ते उंबरा ओलांडत. वाक्य आलं नाही तर उन्हात उभे. एकदा ती चुकून "कोण आहे?" म्हणाली. बाहेरून शांतपणे उत्तर आलं, "वहिनी, हे वाक्य नाही."

दुसऱ्या एका दिवशी दूध उतू चाललं होतं. ती आतून ओरडली, "या हो एकदाचे!" तात्या दुखावले. कोपऱ्यावरच्या तांबटाच्या दुकानापर्यंत परत गेले आणि पहिल्यापासून आले.

घराणंच नटांचं. आजोबा राक्षस करत, वडील राण्या. "आमच्या आईच्या लुगड्यांपेक्षा वडिलांचे शालू भारी. सणाला आई त्यांच्याकडून मागून नेसायची," असं तात्या अभिमानानं सांगत. त्यांचं म्हणणं, वडनेरकरांच्या घराण्यात शिंकसुद्धा तालात येते. तात्या स्वतः राजे करत. पंचवटीत एका खोलीत राहत. पण सकाळी आंघोळीला निघताना शेजारच्या गुरवाला "स्वारी गंगेवर निघते आहे," अशी वर्दी देऊन जात. गुरवही "बरं महाराज" म्हणे. त्याचं काय जातंय?

आणखी एक खोड होती. चहा पिता पिता ते एकदम म्हणत, "आज मंगळवार. काल मी तुमच्याकडे थालीपीठ खाल्लं. परवा सांजा. त्याच्या आदल्या दिवशी काही नाही, कारण वहिनी हळदीकुंकवाला गेल्या होत्या." मग रेल्वेची स्टेशनं सुरू. ओढा, खेरवाडी, सुकेणं, निफाड, थेट मनमाडपर्यंत. बायको मला म्हणे, "थालीपीठ हवं असेल तर सरळ मागावं की! एवढा फेरा कशाला?" आणि दुसऱ्या दिवशी थापून ठेवी. मीही हसत असे.

आता पुढचं लिहायचं ते मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

मी आज शाळेत कारकून आहे. पण त्याआधी तात्यांच्याच नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. विंगेत पुस्तक धरून उभं राहायचं. तात्यांना सगळं पाठ असे, मात्र भाषणाचा पहिला शब्द विंगेतून यावा लागे. वडिलांचीही तीच सवय. पहिला शब्द मिळाला की पुढचं पान धबधब्यासारखं.

सात वर्षांपूर्वी नाशकातच आमचा मुक्काम होता. दुपारी पंगतीत मी मॅनेजरकडे एखादी बारीकशी भूमिका मागितली. तात्या ताटावरून म्हणाले, "गोपाळा, तुझा आवाज विंगेतच बरा. बाहेर आला तर लोक घरी जातील." पंगत खदखदली. वाढपीसुद्धा हसला. मला तो वाढपी सहन झाला नाही.

त्या रात्रीच्या प्रयोगात राजाचं एक साधं वाक्य होतं. "प्रधानजी, दरवाजा उघडा." दरवाजाबाहेर राजपुत्र उभा. मी पुस्तक मिटलं. तात्यांनी विंगेकडे पाहिलं. मी तंबाखू मळत होतो. प्रधान घामाघूम, राजपुत्र दाराआड खोकतोय आणि राजा गप्प. शेवटी पिटातल्या प्रेक्षकांतून कुणी तरी ओरडलं, "ओ राजं, पोरगं लय येळ हुभं हाय, उघडा की!" थिएटर हसून कोसळलं.

हे झालं तेवढ्यावर थांबलं असतं तर निभलं असतं. पण मॅनेजरनं सगळ्यांसमोर मला विचारलं आणि मी घाबरलो. म्हणालो, "मी चांगलं तीनदा दिलं. तात्या माझ्याकडे अनोळखी माणसासारखे बघत राहिले."

तात्यांनी रंग पुसला आणि पुन्हा कधी लावला नाही. पुढे दोन वर्षांत बोलपटांनी कंपनी बुडाली, तेव्हा मी मनाला समजावलं, की नाही तरी त्यांचं काम सुटणारच होतं. या समजुतीवर माझं बरं चाललं होतं.

गेल्या आठवड्यात सायखेड्याहून त्यांची मुलगी वत्सला आली. सोबत तिची पाच वर्षांची पोर. तात्यांच्या खोलीला कुलूप. ती माझ्या ओट्यावर तासभर बसली. "काका, बाबा माझ्यावर रागावलेत का हो? लग्नानंतर एकदाही आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. बाळंत झाले तरी नाही." मला काय ठाऊक! ती गेली आणि दहाव्या मिनिटाला तात्या बोळातून बाहेर आले. सबंध वेळ तिथंच उभे होते.

"तात्या, हे काय वागणं?" मी चिडून म्हणालो.

ते पायरीवर बसले. वाक्याची वाट न पाहता, साध्या आवाजात बोलू लागले. "गोपाळ, माझे वडील असेच गेले. आधी स्टेजवर शब्द गेला. प्रॉम्प्टर ओरडतोय आणि हे बघतायत. मग वर्षभरात माझ्याकडे बघून म्हणाले, हा पोरगा कोणाचा? मी पाणी घेऊन उभा होतो रे. माझं सुरू झालंय, हे तूच तर पाहिलंस. वत्सलेला ते ऐकायला लागू नये. म्हणून जात नाही. तिची पत्रंही ट्रंकेत तशीच ठेवलीत. वाचली की जावंसं वाटेल."

स्टेशनं, थालीपीठ, मंगळवार, सगळं माझ्या अंगावर आलं; रोज ते आपली आठवण तपासून बघत होते. मी म्हणालो, "तात्या, मी शब्द दिलाच नव्हता."

"काय?"

"पुस्तक मिटलं होतं. पंगतीतला राग होता."

"तीनदा म्हणालास."

"खोटं म्हणालो."

"एकदाही नाही? हळूसुद्धा?"

"नाही."

मी थोबाडीत खायला तयार होतो. तात्यांनी काठीचं टोक पायरीवर आपटलं. मग म्हणाले, "गाढवा, सायखेड्याची मोटार किती वाजता सुटते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मला बरोबर नेलं, कारण "पोरीला तू सांगायचंस, मला जमायचं नाही." मला टाळता आलं नसतं, आणि टाळायचंही नव्हतं. तात्यांनी डोक्याला तेल लावलं होतं, मांडीवर पेढ्यांचा पुडा होता. अर्ध्या वाटेपर्यंत ते पुड्याची दोरी सोडत आणि बांधत होते.

"गोपाळ," मग ते बाहेर उसाकडे बघत म्हणाले, "नातीचं नाव काय ठेवलंय रे?"

वत्सलेनं ओट्यावर तिला मारलेली हाक मी ऐकली होती. "सुमन," मी म्हणालो.

मोटार खडखडत होती. तात्यांनी कानाशी हात धरला आणि माझ्याकडे झुकले. "ऐकू येत नाही. मोठ्यानं सांग."

मी इतक्या मोठ्यानं सांगितलं, की पुढची सगळी पागोटी वळून आमच्याकडे बघू लागली.