डाव्या चाकांच्या तीन रेघा

माझ्या चुलतभावाची वरात दारात आली, तेव्हा सगळे नवरदेवाकडे पाहत होते आणि वजीरचाचा नवरदेवाच्या गाडीच्या चाकाजवळ उकिडवे बसले होते. झेंडूच्या माळा बाजूला सारून त्यांनी रिमवरून अंगठा फिरवला, उठले आणि वधूपित्याला गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला हाय. फक्त वळताना घाई करतो." वधूपिता हादरले. ही पत्रिकेतली काहीतरी भानगड असणार, असं वाटून ते थेट गुरुजींकडे धावले.

केजच्या बस स्थानकामागे चाचांचं दुकान आहे. काम एकच, कारच्या चकचकीत रिमवर पडलेले ओरखडे घालवायचे. घासायचं, खाचेत पुट्टी भरायची, रंगाचा फवारा मारायचा, वरून लकाकी आणायची. कुणी इंजिनाची तक्रार घेऊन आला तर चाचा हात जोडतात. "पोटाचं दुखणं आमच्याकडं न्हाई. आमी फक्त पायाचे डॉक्टर."

रस्त्यात भेटले की ते आधी गाडीच्या चारही चाकांची विचारपूस करतात, मग तुमची. मी पायी हिंडतो म्हणून त्यांना माझी कीव येते.

दुकानाचा नियम मात्र कडक आहे: "आधी कबुली, मंग पॉलिश." ओरखडा कसा पडला ते खरं सांगायचं, तरच हात लागणार. आता प्रत्येक गिऱ्हाइकाचं म्हणणं एकच असतं. गाडी उभी होती, कुणीतरी घासून गेलं. चाचा वाद घालत नाहीत, चहा मागवतात. ओरखड्यात अडकलेला रंग नखानं उकरतात. पिवळा असला तर तहसीलचा कट्टा, निळा असला तर दवाखान्याचं फाटक. एका मुख्याध्यापकांनी तिसऱ्या चहाला मान मोडून कबूल केलं की गाडी आपल्याच शाळेच्या झेंड्याच्या ओट्यावर चढली होती. तेव्हा कुठं चाचांनी पॉलिश पेपर हातात घेतला.

मला हा माणूस भलताच आवडायचा. आमच्या घरात कपाटात कपडे कमी आणि पत्रकांचे गठ्ठे जास्त. गावातल्या भानगडींवर वडील पत्रकं काढायचे, आता मी काढतो. सगळ्या तालुक्यात खरं बोलल्याशिवाय काम न होणारं हे एकच ठिकाण, असं मी चारचौघांत सांगत फिरायचो.

आणि मग गुत्तेदारांची गाडी आली.

गावातला नवा फुटपाथ या गुत्तेदारांनीच कंत्राट घेऊन बांधलेला. त्यांची पांढरी गाडी एका महिन्यात तिसऱ्यांदा चाचांच्या दारात उभी राहिली आणि ओरखड्यातल्या रंगावरून तिन्ही वेळा रिम घासली होती ती त्याच फुटपाथला. मला आनंदानं झोप येईना. पत्रकाचा मथळा तयार झाला: 'वाकड्या फुटपाथाचा पहिला बळी, खुद्द गुत्तेदाराचं चाक!' फक्त चाचांची साक्ष हवी होती.

चाचांनी मथळा दोनदा वाचला आणि कागद परत दिला. "फुटपाथ सरळ हाय," ते म्हणाले. "पत्रक खिशात ठेव."

"कावून?"

"ठेव म्हनलं ना बे."

दोन दिवसांनी याहून भारी बातमी आली. चाचांनी गुत्तेदारांना निरोप धाडला होता की चारही चाकं काढली आहेत, रंग वाळायला दहा दिवस लागतील आणि तोवर गाडीजवळ ड्रायव्हर असू द्या. दहा दिवस! वैशाखात आमच्याकडे सकाळी घातलेला पापड दुपारी कडकडीत होतो. चाचा विकले गेले, याबद्दल मला शंका उरली नाही. आता दुसरं पत्रक, आणि तेही चाचांवर. पण आधी तोंडावर विचारायचं, हा आमच्या घरचा नियम.

भर दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. मी वाकून आत घुसलो. कोपऱ्यात वाकळ पांघरून काहीतरी ठेवलं होतं. ओढली, तर खाली चारही चाकं. लखलखीत, कोरडी ठणठणीत. भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात बाकड्यावर आडवा झालेला माणूस दिसला. गुत्तेदारांचा ड्रायव्हर कुंडलिक, चाचांच्याच वयाचा. डोळ्यांवर काळा चष्मा.

चाचांनी मला हातानंच खाली बसवलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. तिन्ही रेघा डाव्या चाकांवर होत्या. कबुली मागितली, तर कुंडलिक तिन्ही वेळा म्हणाला, कुठं लागलं ते कळलंच नाही. बाकी सगळ्यांना कुठं लागलं ते माहीत असतं आणि ते लपवतात. याला खरंच माहीत नव्हतं. मग चाचांनी चहाचा ग्लास मुद्दाम त्याच्या डाव्या हाताला ठेवला. कुंडलिकनं कोपरानं तो सांडला आणि वर विचारलं, चहा कधी आला?

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. त्या डोळ्यानं त्याला पुन्हा स्टेअरिंगला हात लावू देणार नाही, असं चाचांनी बजावलं. पण गुत्तेदारांनी आधीचा ड्रायव्हर लई शिंकतो म्हणून काढून टाकला होता. मोतीबिंदू कळला असता तर याला संध्याकाळपर्यंतही ठेवलं नसतं. म्हणून चाचांनी गाडीच अडकवून ठेवली, राखणीच्या नावाखाली ड्रायव्हरही मागून घेतला, दुकानाला कुलूप घातलं आणि त्याला अंबाजोगाईला नेऊन ऑपरेशन करून आणलं.

"खोटं बोललो," चाचा माझ्याकडे न बघता म्हणाले. "लिहायचं तर लिही. डॉक्टरनं गाडी चालवायला हो म्हनल्यावर लिही."

मी चाकांवर वाकळ पुन्हा ओढली. औषधाची वेळ झाली होती. चाचांनी हात साबणानं दोनदा धुतले, कुंडलिकचा चष्मा काढला आणि बाटली घेऊन त्याच्यावर वाकले. कुंडलिकनं डोळा उघडला. चाचांचा चेहरा न्याहाळला.

"वजीर," तो म्हणाला, "तू कदी म्हातारा झालास बे?"

थेंब डोळ्यात पडायचा तो गालावर पडला. चाचांनी तो बोटानं पुसला, पुन्हा वाकले आणि म्हणाले, "हालू नको."