दोन सिद्धान्त, एक कपाट

इतिहासाच्या सरांनी हॉलमध्ये वाळू पसरून तिच्यावर झारीने पाणी घालायला सुरुवात केली, तेव्हा त्यांची बायको चहाचा कप हातात धरून तशीच उभी राहिली. व्याख्यानाच्या काळजीने माणूस हातचा गेला, असंच तिला वाटलं.

व्याख्यान त्याच संध्याकाळी होतं. विषय, पिरॅमिड कसे बांधले. सरांच्या आयुष्यातलं हे पहिलंच व्याख्यान. महिनाभर स्वयंपाकघरात ते घोकून त्यांनी बायकोला भंडावून सोडलं होतं.

"अगं, इजिप्तचे लोक वाळू भिजवून दगड ओढायचे. आज हे लोखंडी कपाट मी एकटा आतल्या खोलीत ओढून नेतो आणि सभेत छातीठोकपणे सांगतो."

"त्यापेक्षा हमाल बोलवा ना."

"राजाने काय हमाल बोलावले होते?"

"मग काय राजा स्वतः ओढत होता?"

हा मुद्दा व्याख्यानात नसल्यामुळे सरांनी तो सोडून दिला.

त्यांचा मेहुणा इंजिनियर, तोही मदतीला आला होता. त्याच्या मते दगड ओंडक्यांवरून घरंगळत नेले होते. सर दोरी धरून आतल्या खोलीत गेले, तसं त्याने कपाट पहारीने उचलून खाली गुपचूप पाइप सरकवले आणि वर एक धक्काही दिला. आजवर चार माणसांना न जुमानलेलं कपाट सुसाट सुटलं, दाराच्या चौकटीवर आदळलं आणि तिरपं होऊन तिथेच रुतून बसलं.

आत सर आणि खिडकीला गज.

"भाऊजी, लागलं का हो?"

"पाइप कुणी घातले?"

मेहुण्याने पहार पाठीमागे लपवली. मग त्याने ढकलून पाहिलं, सरांनी ओढून पाहिलं. कपाट ढिम्म. सुतार फोनवर म्हणाला, सकाळी येतो.

"पाचला सभा आहे गं," सर रडवेले झाले. "मला आता कोण पुन्हा बोलावणार?"

बायकोने चपला घातल्या. "मी जाते. ऐकून ऐकून पाठ झालंय मला."

कपाट आदळताना बसला नसेल एवढा धक्का सरांना आता बसला.

दिवेलागणीला ती फुलांचा गुच्छ घेऊन परतली. सर फटीला डोळा लावून बसलेच होते.

"निभावलं का?"

"टाळ्या थांबेनात. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय."

"मला?"

"मला." तिने कपाटावरच्या फटीतून चहाचा कप आत दिला. "एका बाईंनी विचारलं, एवढे दगड रचल्यावर राजा बाहेर कसा आला?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, अजून आतच आहे. सुतार सकाळी येतोय."