बसण्यास हरकत नसल्याबाबत

माणसाला पोट असतं, तशी सदसद्विवेकबुद्धीही असते. फरक एवढाच की पोटाला दिवसातून दोनदा घालावं लागतं आणि सदसद्विवेकबुद्धीला महिन्यातून एक सभा पुरते. आमच्या इमारतीत ती सभा शेवटच्या रविवारी सकाळी गच्चीवर भरते. (ऊन चढायच्या आत तत्त्वं उरकावीत, असा प्रघात आहे.)

आमच्याकडे चाळीस कुटुंबं आहेत आणि चाळीसही विचारी आहेत. कोणत्या दुकानात जाणं नीतीला धरून आहे आणि कोणत्या नाही, हे ठरवायला आम्ही 'विवेकी खरेदी समिती' काढली. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक, सल्लागार दुसऱ्या मजल्यावरचे वकीलसाहेब आणि चिटणीस मी. माझं शिक्षण नववीपर्यंत. पण अक्षर बरं आहे, आणि इतिवृत्त लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

समितीचा पहिला बहिष्कार पडला तो कोपऱ्यावरच्या मोठ्या बाजारावर. ठरावात कारणं अशी दिली:

एक, मालकाने निवडणुकीत एका पक्षाला देणगी दिली. (बावीस मतं.)

दोन, मालकाने त्याच निवडणुकीत दुसऱ्याही पक्षाला देणगी दिली. (अठरा मतं. अशा रीतीने ठराव एकमताने झाला. इमारतीतले दोन्ही गट याआधी एकाच बाजूला आले होते ते फक्त पाण्याची टाकी फुटली तेव्हा.)

तीन, तिथल्या बायकांना बिलाच्या काउंटरवर दहा-दहा तास उभं ठेवतात, बसायला साधं स्टूल देत नाहीत. (हे मुख्याध्यापकांनी मागाहून घातलं. दोनच कारणांचा ठराव अंगाने किरकोळ दिसतो, असं त्यांचं मत पडलं.)

बहिष्कार पूर्ण यशस्वी झाला. शंभर टक्के कुटुंबांनी तो पाळत असल्याचं लिहून दिलं. त्याच महिन्यात इमारतीत पांढऱ्या पिशव्या दिसू लागल्या. त्या बाजाराची पिशवी बाहेरून पिवळी आणि आतून पांढरी असते. उलटी करून आणली की ती कुठल्याच दुकानाची राहत नाही. (मी उलटी करत नाही. असला खोटेपणा मला जमत नाही. मी ती तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका दुकानाच्या पिशवीत घालून आणतो.)

आता सांगायला हवं की इमारतीत एकेचाळिसावंही एक कुटुंब आहे. तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत, भाड्याने. एक ताई आणि त्यांची अंथरुणाला खिळलेली आई. समितीत ते धरलेलं नाही. या ताई त्याच बाजारात बिलाच्या काउंटरवर अकरा वर्षं उभ्या होत्या. म्हणजे ठरावातलं तिसरं कारण जिन्याखालीच राहत होतं. पण काखेत कळसा असला की गावाला वळसा घालावाच लागतो, नाहीतर चळवळीला वेग कसा येणार.

ताईंच्या पायाच्या शिरा दोऱ्याच्या गुंत्यासारख्या वर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बसून काम करा, नाहीतर काम सोडा. सोडलं तर आईच्या औषधांचं काय, हे डॉक्टरांच्या विषयात येत नव्हतं. म्हणून ताईंनी मॅनेजरकडे स्टूल मागितलं.

मॅनेजर भला माणूस. म्हणाला, "बाई, माझी ना नाही. पण गिऱ्हाइकाला आवडत नाही. बिल करणारी बसलेली दिसली की त्याला वाटतं, आपला मान ठेवला नाही. महिन्याभरात शंभर गिऱ्हाइकांच्या सह्या आणा की आमची हरकत नाही. सहीपुढे या महिन्यातल्या बिलाचा नंबर. दुसऱ्या दिवशी स्टूल."

ताईंनी त्याच्याकडून हे लिहून घेतलं आणि कामाला लागल्या. टेम्पोवाले, रंगारी, दवाखान्यातल्या आया, आमचा वॉचमन अशा एकाहत्तर सह्या झाल्या. (या वर्गाला तत्त्वं नसल्याने सह्या पटापट होतात.) एकोणतीस कमी पडत होत्या आणि महिन्याचे चार दिवस उरले होते. म्हणून त्या रविवारी ताई कागद घेऊन गच्चीवर आल्या.

आम्ही सगळे उठून उभे राहिलो. मुख्याध्यापकांनी स्वतःची खुर्ची पुढे केली. ताई बसल्या. त्या बसल्याबरोबर टाळ्या झाल्या. (इतिवृत्तात नोंद आहे.)

मग कागद वाचला गेला. "आम्ही खाली सह्या करणारे, या दुकानाचे गिऱ्हाईक असून, बिल करणाऱ्या बाईने बसण्यास आमची हरकत नाही." घोडं अडलं ते पहिल्याच ओळीत.

"ताई, तुमच्यासाठी जीव तुटतो," वकीलसाहेब म्हणाले. "पण आम्ही तिथले गिऱ्हाईक नाही ना. खोटी सही कशी करायची?"

"साहेब, परवा मीच तुमचं बिल केलं. दाढीचं सामान आणि दोन बनियन."

"माझ्यासारखं दिसणारं दुसरं कुणी असेल."

"असेल. त्याने मला विचारलं, आज आपल्या इमारतीत पाणी किती वाजता येणार."

दातांच्या डॉक्टरीणबाई कठड्यावरून खाली काहीतरी शोधू लागल्या.

"मी कुणाला नावं ठेवायला नाही आले," ताई म्हणाल्या. "अकरा वर्षं तुमचं सामान बघते, कधी कुणाजवळ बोलले का? पिशवी उलटी आणा, सुलटी आणा, मला काय करायचंय. एकोणतीस सह्या द्या फक्त."

मुख्याध्यापकांनी घसा साफ केला. "ताई, प्रश्न एका स्टुलाचा नाहीये. प्रश्न व्यवस्थेचा आहे."

"सर, माझा स्टुलाचाच आहे."

माझी बायको माझ्या कानाशी लागली. "करा की सही. हात झिजतो का?"

"चिटणीसानेच केली तर लोक काय म्हणतील?"

"कोण लोक? तुमच्यापुढे रांगेत असतात ते?"

मी हे इतिवृत्तात घेतलं नाही. ती सभासद नाही.

समितीने तीन पर्यायांवर सव्वा तास चर्चा केली. बिलाचा नंबर न टाकता सही करावी, तर मॅनेजर ती धरणार नाही. चार दिवस बहिष्कार उठवावा, तर समोरच्या इमारतीला तोंड कसं दाखवायचं. त्यांचे आमच्यापेक्षा दोन बहिष्कार जास्त आहेत. उरला तिसरा पर्याय. ताईंना जाहीर पाठिंबा. तो चाळीस विरुद्ध शून्य मतांनी मंजूर झाला. मूळ मसुद्यात 'तीव्र निषेध' होता, तो दुरुस्ती करून 'जळजळीत निषेध' केला. ठरावाची सुरुवात मी ठळक अक्षरात लिहिली: "आम्ही चाळीस कुटुंबं, जी या दुकानाची पायरीही चढत नाही..."

ताई आपला कागद घडी घालून जिना उतरल्या. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. आम्ही त्यांना आधी जाऊ दिलं.

ठराव मॅनेजरला पोचला. त्याने तो ताईंना वाचून दाखवला. "हे बघा, चाळीस कुटुंबांनी लेखी दिलंय की ते माझे गिऱ्हाईक नाहीत. मग त्यांचं मी कशाला ऐकू?" हा युक्तिवाद बिनतोड आहे, असं वकीलसाहेबांनीही मोकळ्या मनाने मान्य केलं.

महिना संपला. सह्या एकाहत्तरच राहिल्या. ताई आणखी दोन महिने उभ्या होत्या. मग घोट्याजवळ जखम झाली, ती भरेना, आणि दुकानाने त्यांना मोकळं केलं. आता ताई दिवसभर बसून असतात. समितीच्या वार्षिक अहवालात हा विषय 'निकाली' या सदरात आहे.

काउंटरवर नवी मुलगी आली आहे. विशीतली आहे, पाय अजून चांगले आहेत. ती आमच्या इमारतीतल्या कुणालाच ओळखत नाही, ही फार मोठी सोय झाली. बहिष्काराला आता दुसरं वर्ष लागलं.

इथवर वाचून तुम्हाला आमची किळस आली असेल. यायलाच हवी, तुम्ही विचारी दिसता. तुम्ही गच्चीवर असतात तर पहिली सही तुमचीच झाली असती, याबद्दल मला शंका नाही. फक्त नोंदीसाठी एक विचारतो. शेवटचं सामान घेतलंत, तेव्हा तुमचं बिल करणारं माणूस बसलं होतं की उभं होतं? घाई नाही, आठवून सांगा. सुटे पैसे कमी परत आले होते का, ते विचारत नाहीये. ते तुम्हाला आठवत असणारच.