तायडे सरांचं पोलंड

तायडे सर रोज सकाळी सात वाजता पोलंडवर चिडायचे. सातलाच, कारण आठला भारनियमन सुरू व्हायचं आणि मग चिडायला वीज नसायची.

अकोल्यात जठारपेठेत तेव्हा माझं इंटरनेट कॅफे होतं. सहा कॉम्प्युटर, त्यातले चार चालू. मी कुलूप काढायला यायचो तेव्हा सर पायरीवर बसलेले असत. शाळेत त्यांनीच मला पी.टी. शिकवलेली, त्यामुळे माझे केस पिकले तरी मी त्यांचा सुध्याच. ते निवृत्त झाले होते. पण जिल्ह्यात बास्केटबॉलची कुठलीही मॅच असली की गुण लिहायला टेबलावर तेच. कोणी किती बास्केट टाकले, कोणी किती फाऊल केले, सगळं त्यांच्याच हातानं कागदावर उतरायचं.

पोलंड त्यांना अपघातानं सापडलं. गुणपत्रकाचा एखादा चांगला नमुना शोधून दे म्हणाले. मी काहीबाही टाइप केलं आणि पोलंडमधल्या कुठल्याशा व्यावसायिक संघाच्या मॅचचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत आकडेच आकडे. सर इतके पुढं सरकले की त्यांचं नाक पडद्याला टेकलं.

"सर, भाषा कळते का?"

"भाषा त्याईची असू दे. आकडे तं आपलेच आहेत ना."

नावं मात्र उच्चारता येईनात. मग सरांनी सगळ्या संघाचं बारसं केलं. आठ नंबरचा शेळके, चौदा नंबरचा बोंडे, बारा नंबरचा गवई. आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांना झापायला सुरुवात.

"या शेळकेले लाज नाही. आठ फ्री थ्रो, त्यात तीन गेले. समोर कोणी आडवं नाही, कोणी हात लावून नाही राहिलं, तरी याचा चेंडू जात नाही. लेका, मोर्शीले जा अन् संत्री मोज."

एकदा पलीकडच्या कॉम्प्युटरवरून विम्याचं काम करणारे एक गृहस्थ उठून उभे राहिले. त्यांचं आडनाव शेळके. म्हणाले, "सर, मी काय केलं?"

"तू बस," सर मान न वळवता म्हणाले. "तुयाशी मंग बोलतो."

ते बसले.

खरा संताप गवईवर होता. वीस-वीस मिनिटं मैदानावर आणि पॉइंट शून्य. पुढच्या मॅचला पुन्हा शून्य. "कोणाचा भाचा आहे हा?" सर मला विचारायचे, जसा मी त्या संघाचा मॅनेजर. मग त्यांचं लक्ष शेवटच्या रकान्याकडे गेलं. त्यातले आकडे त्याच ओळीतल्या कशाचीही बेरीज-वजाबाकी करून येत नव्हते. सर चार महिने त्यामागं लागले. मॅचचा मिनिटामिनिटाचा गुणफलक छापून घ्यायचे आणि घरी लाल पेन्सिलीनं खुणा करायचे. एका सकाळी आले ते खुर्चीत बसलेच नाहीत.

"सुध्या, तो खेळाडू मैदानावर असताना संघ कितीनं पुढं गेला, ते लिहिते तिथं. गवई उतरला की संघ पुढं. गवई बसला की मांगं." मग पडद्याकडे वळून म्हणाले, "गवई, मायी चूक झाली." त्यानंतर अर्धा तास ते स्वतःवर चिडले. तेवढ्यानं शेळके वाचला.

त्या वर्षांत पेपरच्या पहिल्या पानावर एक चौकट यायची. वऱ्हाडात काल किती शेतकऱ्यांनी जीव दिला, त्याची. एकदा मी पोलंडचं पान उघडेपर्यंत सरांनी पेपर हातात घेतला आणि टेबलावर आपटला.

"एक मिनिट खेळलेला पोट्टाबी तिथं नावानिशी छापून येते. अन् आपल्या इथं नुसता आकडा. नावं कुठी आहेत?"

पोलंडचं पान उघडलं होतं, पण त्या दिवशी ते कोणालाच बोलले नाहीत. उठून गेले.

मग जिल्ह्याच्या मॅच खेळायला रुबिना आली. बार्शीटाकळीची, दहावीतली. वडील शिंपी, कापूस गेला की गावात नवे कपडे कोण शिवणार, त्यामुळे मशीन बहुतेक बंदच. विभागाच्या संघात निवड झाली तर रुबिनाला अमरावतीला क्रीडा वसतिगृह आणि पुढचं शिक्षण फुकट. नाही झाली तर दहावीनंतर घरी बसून काज-बटणं. आणि जिल्ह्याच्या चार मॅचमध्ये तिचे पॉइंट होते दोन.

"पण शेवटचा रकाना पाह्य," सर म्हणाले. त्यांनी हातानं आखलेला. त्यात रुबिना जिल्ह्यात पहिली.

"सर, समिती पॉइंट बघते. आणि लिहायला टेबलावर तुम्हीच होतात," मी डोळा मिचकावून म्हटलं. "दोन-चार बास्केट तिच्या नावावर सरकवा की. कोणाला कळतं?"

मला वाटलं, आता खुर्ची उडणार. सर चिडले नाहीत. कागद घडी करून खिशात ठेवला आणि निघून गेले. आठ दिवस आले नाहीत. शेळके, बोंडे आणि अख्खं पोलंड आठ दिवस सुखात होतं. मी नव्हतो.

निवडीच्या दिवशी मी आपणहून त्यांच्यासोबत एसटीत बसलो. अमरावतीला समितीतले तिघं टेबलामागं बसले होते. ट्रॅकसूट घातलेल्या प्रमुखांनी सरांचा तक्ता उलटसुलट केला. "हे काय पत्रिका मांडली काय, सर? पॉइंट सांगा."

"दोन."

ते हसले. रुबिना तिथंच उभी होती, बुटाची तुटलेली नाडी हातात घेऊन. त्या हसण्यानं माझंसुद्धा डोकं सणकलं. सर मात्र एकेक शब्द ठेवत बोलले.

"दोनाचे बारा करून आणता आले असते मले. पेन माया हातात होता. नाही केले. म्हणून या कागदावर भरोसा ठेवा. नाही ठेवत तं तिले दहा मिनिटं उतरवा अन् तुमीच मोजा."

समितीतल्या वयस्कर बाई म्हणाल्या, "उतरवा."

दहा मिनिटांत रुबिनानं एकही बास्केट टाकलं नाही. पण सगळ्यात जास्त पॉइंटवाली उंच मुलगी तिच्यासमोर होती. तिला चेंडू धड हातात मिळाला नाही. यादीत रुबिना लागली. बारा जणींत बारावी, म्हणजे शेवटची.

"बारावी? आंधळे आहेत काय?" सर बसमध्ये बसल्यावरही ओरडत होते. मूर्तिजापूर मागं पडलं तेव्हा अचानक थांबले.

"म्या एकडाव केलं होतं, सुध्या. तू म्हणत होता ते. माया पोट्ट्यासाठी. चाराचे चौदा केले."

"मग?"

"निवडला गेला. कागद पाहून घरी आला. म्हणे, बाबा, मी चारच टाकले होते." सरांनी खिडकीची काच सरकवली. "गेलाच नाही खेळाले. आता पुण्यात नोकरी आहे. दिवाळीले फोन करते. आईसंग बोलते."

सोमवारी सात वाजता सर पायरीवर हजर. पोलंड उघड म्हणाले नाहीत. पिशवीतून चार गुणपत्रकांच्या कार्बन कॉपी काढल्या आणि एक चिठ्ठी, तिच्यावर मुलाचा ई-मेलचा पत्ता. त्यांच्या बायकोच्या अक्षरात.

"हे पाठव त्याले."

"सोबत काय लिहू?"

"काही नको लिहू. पोरीच्या नावासमोरचे आकडे नीट दिसले पाह्यजेत."

घड्या पडून कागद फुगले होते, स्कॅनरवर सपाट बसेनात. सर प्रत्येक कागदाची कड दाबून उभे राहिले. चौथा पडद्यावर आला तेव्हा कोपऱ्यात त्यांचा अंगठाही उमटला होता, नखाशी कार्बनची शाई लागलेला.

"सर, अंगठा आला. पुन्हा करू?"

त्यांनी चष्मा वर करून पाहिलं.

"राहू दे," म्हणाले.