वायर लावलेला नारळ

आमचे रामभाऊमामा कुठंही गेले की आधी तळहातावर नारळ आडवा ठेवून चालत. लग्नाच्या मांडवात, एस्टी स्टँडवर, एकदा तर माझ्या कचेरीच्या व्हरांड्यात. नारळ उभा राहिला की खाली पाणी! देवणीकडच्या गावांत मोठं नाव होतं या पाणाड्याचं. खोदून पाणी नाही लागलं तर म्हणत, "हाय, पण अजून खाली हाय."

त्या दुष्काळात मात्र गावात कुठंच लागेना. मामी शिवाराच्या टोकावरून घागर आणायची. आधी बैलांना, मग मामांना. उरलं तर स्वतः प्यायची. शेवटी तिच्या पाठीत कळा येऊ लागल्या, लघवीतून रक्त गेलं. लातूर नुकताच जिल्हा झालेला. घराण्यातला पहिला पदवीधर मी, न लाजता सांगतो, तिथं नोकरीला होतो. सोनोग्राफीचं मशीनही नवंच आलं होतं. मी दोघांना बोलावून घेतलं.

तपासणीआधी भरपूर पाणी प्यायचं होतं. मामी तांब्याकडं बघतच राहिली. "एवढं समदं एकटीनं?" आणि डॉक्टरांची पाठ वळताच तिनं अर्धा तांब्या मामांना पाजला. डॉक्टर चिडले. परत तांब्या, परत थांबणं.

मामांनी घरीच नारळ फिरवून दुखणं डाव्या कुशीत असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टर मामीच्या कमरेवर यंत्र फिरवू लागले तसे मामा खुलले. "साब, तुमचं बी आमच्यावानीच की! नारळाला वायर तेवढी जास्त."

"मामा, गप बसा."

डावी किडनी पडद्यावर घेवड्याच्या दाण्यासारखी, अगदी नीट. उजवी आली आणि डॉक्टरांचा हात थांबला. मधोमध सगळं काळं.

"ते काळं काय हाय?"

"पाणी. खड्यानं नळी तुंबलीय. साचून साचून किडनी फुगलीय. असंच राहिलं तर ती निकामी होईल."

जन्मभर पाण्यामागं हिंडलेला माणूस पाणी बघून भिंतीला टेकला. "काढा साब ते. थेंब ठिवू नका." मग मामीच्या पायावर हात ठेवून हळूच म्हणाले, "कण्हायची ती रातीला. मी म्हनायचो, झोप की गं."

खडा काढायचं ऑपरेशन झाल्यावर मामा गावात स्वतः घागर डोक्यावर घेऊन पाणी आणू लागले. पारावरची माणसं हसायची, "काय पाणाडे, सासुरवास हाय का?"

"हाव, हाय. आधी ती पिनार, मग मी."

पुढच्या तपासणीत उजव्या किडनीची सूज उतरलेली दिसली. मामीच्या दोन्ही किडन्या वाचल्या.