अकरा सेकंदांचा चेहरा

खरेपणा ही फार नाजूक चीज असल्यामुळे ती वस्तूजवळ ठेवणं धोक्याचं असतं. ती कार्यालयाच्या ताब्यात असलेली बरी. आम्हां मानाबीच्या डोंगराकडच्या माणसांना हे २०११ साली कळलं. त्याआधी दीडशे वर्षं आमचं गाव तोकिया या ताडासारख्या झाडाच्या पात्यांच्या टोप्या विणत होतं, पण त्या खऱ्या आहेत याचा कुणाकडेच पुरावा नव्हता.

जुनी पद्धत अगदीच अडाणी होती. बंदरावरून म्हातारा व्यापारी यायचा, डोळे मिटून टोपीवर अंगठा फिरवायचा आणि म्हणायचा, "एर्मेलिंदा, इथं तीन ओळी हात घट्ट पडलाय. नवरा आजारी होता का गं?" नवरा आजारी असायचाच. या तपासणीची कुठेही नोंद राहत नसे. (शिवाय म्हातारा वारला तेव्हा अंगठाही त्याच्याबरोबर पुरला गेला, म्हणजे कामाचं साधन गेलं ते गेलंच.)

पुढे बसथांब्यावर कागदाच्या टोप्या आमच्या म्हणून विकल्या जाऊ लागल्या. सरकारने तातडीने, म्हणजे नऊ वर्षांत, खरेपणा पडताळणी कार्यालय उघडलं. त्याचा प्रमुख इंजिनियर वॉशिंग्टन सेदेन्यो. आमच्याच गल्लीतला. लहानपणी एर्मेलिंदाच्या ओट्यावर बसून तिने तळलेली, मासा भरलेली केळ्याची भजी खात मोठा झालेला. त्यामुळे तो तिला ओळखत नव्हता, असं कुणी म्हणू शकणार नाही.

कार्यालयाने परदेशी प्रयोगशाळेतून एक शिक्का आणला. नखाएवढी प्लास्टिकची चकती, टोपीच्या आत चिकटवायची. घरात कोरी. उन्हात धरली की अकराव्या सेकंदाला तिच्यात जांभळा चेहरा उमटायचा, सावलीत नेली की दोन मिनिटांत विरायचा. चेहरा एर्मेलिंदा आनचुंदियाचा होता. तिच्या सुरकुत्यांची नक्कल करणं अवघड, असा तज्ज्ञांचा अभिप्राय पडला. (ही तांत्रिक बाब आहे, स्तुती नव्हे.) चकत्यांच्या डब्याच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं, की चकती वारंवार उन्हात धरू नये, पदार्थ थकतो. मजकूर परक्या भाषेत असल्यामुळे तो न वाचण्यात कुणाचीही चूक झाली नाही.

नियम सुटसुटीत होते. उन्हात जांभळा चेहरा दिसला, तर टोपी खरी. न दिसला, तर बनावट. ती कात्रीने मधोमध कापायची आणि विणणारीचं नाव यादीतून कायमचं काढायचं. सावलीत चेहरा नाहीसा झाला पाहिजे, असं मात्र नियमात कुठेच म्हटलेलं नव्हतं. हे सर्वांत आधी कागदी टोपीवाल्यांच्या लक्षात आलं. त्यांनी साध्या शाईने जांभळा चेहरा चिकट कागदावर छापून घेतला. तो ढगात, पावसात, कपाटातसुद्धा दिसायचा. पहिल्या वर्षीच्या अहवालात एकूण ३१२ टोप्या तपासल्या, ४१ खऱ्या निघाल्या. त्यांतल्या ३८ कागदाच्या. उरलेल्या तिन्हींच्या पेटीची किल्ली हरवली होती, म्हणून त्या फारशा तपासल्याच गेल्या नव्हत्या.

त्याच वर्षी एर्मेलिंदाने सात महिने खपून एक टोपी विणली. बासष्ट वर्षांच्या विणकामातली शेवटची, असं तिने मला सांगितलं होतं. डोळे चालले होते. टोपी चांगली होती. चांगली म्हटल्यावर संशय आलाच. महापौरांनी ती उन्हात धरली, मग त्यांच्या बायकोने, मग पाद्रीबाबांनी, मग जकातवाल्याने दोनदा. चेहरा बघायला पोरांनी रांग लावली ती वेगळीच. बिचारी चकती.

जत्रेच्या दिवशी पटांगणात इंजिनियरने टोपी उन्हात धरली. अकरा सेकंद झाले. काहीच नाही.

"दोन्या एर्मेलिंदा, चेहरा येत नाही," तो अदबीने म्हणाला.

"अरे, चेहरा इथं उभा आहे की! मघापासून उन्हात."

"शिक्क्यात यायला हवा. मी तरी काय करू?"

"माझ्याकडे बघ ना, मेल्या. भजी खाताना बरा ओळखायचास!"

त्याने मोठ्या मनाने तिलाही अकरा सेकंद दिले. ती लाल झाली. जांभळी झाली नाही.

त्याने कात्री काढली. एर्मेलिंदाने दोन्ही हात एप्रनखाली लपवले. इतक्या वर्षांत मी तिचे हात रिकामे पाहिले नव्हते. मी पुढे झाले.

"इंजिनियरसाहेब, घशाला कोरड पडली असेल. नारळपाणी घ्या आधी. कात्री कुठं पळून जातेय?"

"कोमाद्रे, तू मध्ये पडू नकोस," एर्मेलिंदा मला म्हणाली; जिवाभावाच्या मैत्रिणीला आमच्याकडे कोमाद्रे म्हणतात.

"तू गप गं."

तो नारळपाणी पिईपर्यंत मी बसथांब्यावर जाऊन दोन डॉलरला एक कागदी टोपी घेतली, तिच्यातला चेहरा सोलला आणि परत येऊन, टोपी सावलीत न्यायच्या निमित्ताने, थकलेल्या चकतीवर तो बसवला.

"आता कसा काय दिसतोय?" त्याने विचारलं.

"चकती दमली होती. जरा सावलीला बसली."

त्याने टोपी छत्रीखाली धरली. चेहरा गेला नाही. त्याने एकदा चेहऱ्याकडे पाहिलं, एकदा एर्मेलिंदाकडे, आणि कात्री खिशात घालून वहीत लिहिलं: उत्कृष्ट.

घरी परतताना ती चढ संपल्यावर थांबली. मग म्हणाली, "कोमाद्रे, आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या नावावर खोटा माल निघाला बघ." तिने शिक्का नखाने खरवडून काढला आणि टोपी माझ्या डोक्यावर ठेवली. ती विकायची नाही, एवढंच सांगितलं.

वॉशिंग्टनला बढती मिळाली. आता तो राजधानीत कोकोच्या बियांचा खरेपणा बघतो. कागदी टोपीवाला विणकर मंडळाचा अध्यक्ष झाला. भाषण चांगलं करतो. एर्मेलिंदा २०१४ च्या लेंटच्या उपासांत गेली. तिचं नाव यादीत अजून आहे, कारण ते काढायला ती बनावट ठरावी लागते.

टोपी माझ्याकडे आहे. लांबून माणसं बघायला येतात आणि पहिल्यांदा उलटी करून आत शिक्का शोधतात. मी त्यांना हसत नाही. तुम्हीही इतका वेळ शिक्क्याचं सगळं मन लावून ऐकलंत: किती सेकंद, कुठला रंग, कशाने थकतो. टोपी कशी होती, हे एकदाही विचारलं नाहीत.